फेवरिट हरला की दोष जॉकीचाच? एका १६०० मीटर शर्यतीचे आकडे

पल्लेमोजणी

फेवरिट (ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत तो घोडा) हरला की पहिली शिवी जॉकीला, हे नेहमीचंच. ती कधी रास्त असते आणि कधी नसते हे ठरवायची काही पद्धत आहे का? एक शर्यत उदाहरणाला घेतो. घोड्याचं, जॉकीचं आणि मैदानाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा माणसांवर घसरेल.

टर्फ (गवताचं मैदान), १६०० मीटर, हँडिकॅप (चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून सगळ्यांना बरोबरीला आणतात ती शर्यत), १२ घोडे. एकच मोठं वळण, जवळजवळ अर्धवर्तुळ, आणि शेवटचे ४५० मीटर सरळ. फेवरिटचा भाव ६/४ (चार लावले तर सहा नफा), वजन ५९ किलो (शर्यतीत सगळ्यात जास्त), गेट ११ (सुटायची जागा, आतून अकरावी). जिंकलेल्या घोड्यावर ५३ किलो, गेट २, आणि तो सुटल्यापासून शेवटपर्यंत पुढेच होता. फेवरिट चौथा आला, पावणेचार लेंग्थने मागे (एक लेंग्थ म्हणजे घोड्याची एक लांबी). पूर्ण वळणभर तो रेलपासून (आतल्या कुंपणापासून) तिसऱ्या ओळीत होता, पुढे कोणाचं कव्हर (आडोसा) नाही. नेहमीचा जॉकी नव्हता.

विजेत्याचे टायमिंग: पहिले ४०० मीटर २५.६ सेकंद, मग दर २०० मीटरला १२.६, १२.६, १२.२, १२.०, ११.४, ११.६. एकूण १ मिनिट ३८.०. शेवटचे ६०० मीटर राहिले तेव्हा फेवरिट सात लेंग्थ मागे होता. तिथून त्याचे टायमिंग ११.९, ११.१, ११.५, म्हणजे ३४.५. शेवटच्या ६०० मीटरला पूर्ण शर्यतीत सगळ्यात वेगवान तोच.

लोकांची तीन मतं पडली: जॉकी झोपला, घोडा बरा नव्हता, आणि अर्थातच "खेचला" (जॉकीने मुद्दाम हरवला). या आकड्यांवरून काय काढता येतं?

फर्लांग

कारण शोधण्याआधी एक गोष्ट. रेसिंग जिथे जिथे चालतं तिथे फेवरिट साधारण तीनातली एक शर्यत जिंकतो. ६/४ भावाचा अर्थ शंभरात चाळीस, आणि बुकीने स्वतःचा नफा त्यात धरलेला असतो, म्हणजे खरा आकडा त्याहून थोडा खालीच. असा घोडा दहातल्या सहा वेळा हरणार हे भावातच लिहिलेलं आहे. प्रत्येक वेळी गुन्हेगार सापडलाच पाहिजे असं नाही.

आता तुमचे आकडे. विजेत्याचा पूर्ण शर्यतीचा सरासरी वेग सेकंदाला १६.३ मीटर, शेवटच्या ६०० मीटरचा १७.१. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की १०५ टक्के येतात. प्रत्येक मैदानाचा नेहमीचा आकडा वेगळा असतो, तरी १०५ म्हणजे पेस (आधीच्या भागातला वेग) मंद होता. १२.६, १२.६ हे दोन तुकडे तेच सांगतात. पुढच्या घोड्याला कोणी हात लावला नाही, त्याने मध्ये दम खाल्ला आणि सरळ भागात सगळी शिल्लक काढली.

एक लेंग्थ २.४ मीटर धरा. सात लेंग्थ म्हणजे १७ मीटर, त्या वेगाला एक सेकंदाहून किंचित जास्त. फेवरिटने शेवटच्या ६०० मीटरमध्ये अर्धा सेकंद भरून काढला (३५.० विरुद्ध ३४.५). उरला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त, म्हणजे ९ मीटर, म्हणजे पावणेचार लेंग्थ. हिशेब बरोबर जुळतो, त्यामुळे टायमिंगवर शंका नको.

मुद्दा असा की विजेताच शेवटचे ६०० मीटर ३५.० मध्ये काढत असेल, तर मागून येणाऱ्याला सात लेंग्थ भरायला ३४.० च्या आत यावं लागतं. फेवरिटचा एक तुकडा ११.१ आहे, सेकंदाला १८ मीटर. त्याच्या पुढच्याच तुकड्यात तो ११.५ वर आला आणि विजेत्यावर फक्त ०.१ कमावू शकला. टाकी संपत आली होती. सरळ भागात जॉकीने आणखी चाबूक मारून काहीही हाती लागलं नसतं. शर्यत गेली ती त्याआधी.

वळणाचं गणित सोपं आहे. एक घोडा साधारण मीटरभर जागा घेतो. तिसऱ्या ओळीत धावणारा रेलवरच्या घोड्यापेक्षा दोन मीटर बाहेर, आणि अर्धवर्तुळात जास्तीचं अंतर म्हणजे पाय (π) गुणिले दोन, ६.३ मीटर. अडीच लेंग्थहून जास्त! वळण ९० अंशांचंच असतं तर याच्या निम्मं. किती बाहेर आणि किती अंश, एवढ्या दोनच गोष्टी लागतात. वळणाची त्रिज्या लागत नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही.

जॉकीचा वाटा कुठे? १२.६ च्या तुकड्यांत. तिथे प्रत्येकी १२.४ ने गेला असता तर ०.४ सेकंद, म्हणजे सहा-साडेसहा मीटर फुकटात मिळाले असते, आणि वळणात शिरताना पुढच्याच्या बाजूला दुसऱ्या ओळीत जागा मिळाली असती. म्हणजे वळणातले अजून ३ मीटर वाचले. कागदावर एकूण पावणेचार लेंग्थ होतात, पण तेवढे सगळे जॉकीच्या माथी मारू नका, कारण वर सरकण्यातही शक्ती जाते आणि ती शेवटी कमी पडते. दोन ते अडीच लेंग्थ त्याच्या निर्णयाचे, बाकीचे गेट ११ चे. घोडा अटीतटीची टक्कर देत दुसरा किंवा तिसरा आला असता. "जिंकलेली शर्यत घालवली" एवढं हे आकडे म्हणत नाहीत.

रिकीब

फर्लांग, गणित मान्य, पण "फुकटात" हा शब्द मागे घ्या. टायमिंगच्या कागदावर घोड्याचं डोकं दिसत नाही. मंद पेसमध्ये ताकदवान घोडा लगाम ओढतो, मान वर करतो, जबडा उघडतो. अशा घोड्याला कव्हरबाहेर काढून "जरा पुढे हो" म्हटलं की तो १२.४ वर थांबत नाही, ११.८ ने सुटतो, आणि ४०० मीटर राहिले असताना रिकामा होतो. त्याला कोणाच्या तरी मागे ठेवावंच लागतं. शिवाय कव्हरमध्ये वाराही कमी लागतो, ताशी ६० किलोमीटरला हा फायदा चांगलाच असतो. इथे घोड्याला कव्हर मिळालं नाही आणि वाटही लांब पडली. गेट ११ वरून जॉकीपुढे तीन रस्ते: सुरुवातीलाच पळवून पुढे जा आणि दम घालव, सगळ्यात मागे टाकून रेलला ये आणि मंद पेसमध्ये अडकून पड, किंवा मध्येच लटकत राहा. तिन्ही वाईट. त्याने तिसरा घेतला.

ट्रेनरचा हुकूम काय होता हेही विचारा. "मागे ठेवून आण" असं पॅडॉकमध्ये (शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे) सांगितलं असेल तर नवा जॉकी ते मोडत नाही. शहाणा, नेहमीचा जॉकी पेस मंद दिसताच मोडतो. इथे फरक पडला असेल तर तो एवढाच.

जॉकीची चूक खरोखर कशी दिसते ते पाहायचं असेल तर बाजूची फिल्म पुरत नाही, समोरून घेतलेली पाहा. गेट उघडताना घोड्याचं डोकं कुठे होतं? बाजूला वळलेलं असेल आणि जॉकीने ते सरळ करायची वाट पाहिली नसेल तर एक-दोन लेंग्थ तिथेच गेल्या. मग पहिल्या १५० मीटरमधले हात: कोपर हलतंय की मागे ओढतंय. मग सरळ भागात शिरताना कोणती फट घेतली आणि ती बंद व्हायच्या किती आधी दिसत होती. चाबूक उजव्या हातात असताना घोडा डावीकडे कलतोय आणि तरी हात बदलला नाही, ही तर शाळकरी चूक. आणि शेवटची, जी सगळ्यात महाग पडते: पोस्टच्या (शर्यत संपते त्या खांबाच्या) आधीच अंग सैल सोडणं.

जॉकीवर कायमचा ठपका बसलेली शर्यत म्हणजे १९८६ ची इंग्लंडमधली एप्सम डर्बी. डान्सिंग ब्रेव्ह हा घोडा फेवरिट, ग्रेव्हिल स्टार्की हा जॉकी वर. त्याने घोडा फार मागे ठेवला, शेवटी घोडा वाऱ्यासारखा आला आणि शाहरास्तानी या घोड्याकडून अर्ध्या लेंग्थने हरला. त्याच जुलैत किंग जॉर्ज या शर्यतीत पॅट एडरी बसला आणि घोडा जिंकला, शाहरास्तानी चौथा. ऑक्टोबरमध्ये आर्कही (पॅरिसची मोठी शर्यत) तसाच जिंकला. इथवर ऐकलं की सगळे म्हणतात, "बघा, जॉकी बदलला आणि जिंकला." पण त्याच वर्षी अमेरिकेतल्या ब्रीडर्स कप टर्फला तोच एडरी, तोच घोडा, आणि चौथा नंबर! लांबलेला मोसम, लांबचा प्रवास, वेगळ्या प्रकारचं मैदान. एकाच घोड्याच्या एकाच वर्षात दोन पराभव आणि दोन्हींची कारणं वेगळी.

"खेचला" वाल्यांसाठी: खेचणारा जॉकी ११.१ चा तुकडा काढत नाही. खेचणं सरळ भागात लगाम ओढून होत नसतं, ते सगळ्या दुर्बिणींना दिसतं. गेटमधून उशिरा निघणं, मुद्दाम घोड्यांच्या भिंतीमागे जाऊन अडकणं, फार लवकर सोडून घोडा रिकामा करणं, असे प्रकार असतात. स्टिवर्ड (शर्यतीचे पंच) बेटिंगचे आकडे आणि फिल्म शेजारी शेजारी ठेवून बघतात ते त्यासाठी. शेवटच्या मिनिटांत फेवरिटचा भाव कारण नसताना वाढत गेला होता का, तेवढं सांगा.

पल्लेमोजणी

भाव वाढला नाही, उलट ७/४ वरून ६/४ वर आला. आणि हो, घोडा पहिल्या ५०० मीटरमध्ये तोंड उघडून लगामाशी भांडत होता, फिल्मवर स्पष्ट आहे.

अश्वनाडी

आजारपणाचा मुद्दा दोन ओळींत संपतो, पण तो कसा संपतो ते सांगतो.

आजारी घोडा शेवटी सगळ्यात वेगवान येत नाही. घशाचा, फुप्फुसाचा, हृदयाचा किंवा स्नायूंचा दोष असेल तर तो जोर लावायच्या क्षणी दिसतो: घोडा सरळ भागात शिरेपर्यंत ठीक असतो आणि मग २०० मीटरमध्ये मागे पडतो. तुमच्या घोड्याने ११.१ काढलाय. मोठा दोष असता तर हा आकडा आलाच नसता.

तरी वेगळ्या पराभवासाठी लक्षात ठेवा. भरधाव पळताना घोडा प्रत्येक झेपेला एकच श्वास घेतो, सेकंदाला दोनहून जास्त. टाळूचा मऊ भाग जागचा हलला तर त्या श्वासाची वाट अडते, घशातून गुरगुर ऐकू येते आणि घोडा ब्रेक लागल्यासारखा थांबतो. जीभ बांधून पळवतात ते मुख्यतः यासाठी. बरेचदा टाळू शर्यत संपताच जागेवर जाते, म्हणून तबेल्यात तपासल्यावर "काही नाही" असा निकाल येतो.

फुप्फुसातला रक्तस्राव बहुतेक शर्यतींच्या घोड्यांना कमी-जास्त होतोच. नाकातून रक्त क्वचित येतं, त्यामुळे नाक कोरडं म्हणजे रक्तस्राव नाही असं नसतं. शर्यतीनंतर अर्ध्या ते दीड तासात दुर्बीण श्वासनलिकेत घालून ० ते ४ अशी श्रेणी देतात. १ ला कारण म्हणून पुढे करणारा ट्रेनर सबब शोधतोय असं समजा. ३ किंवा ४ असेल तर ऐकून घ्या.

हृदयाचे ठोके अनियमित झाले (एट्रियल फिब्रिलेशन) तर घोडा अचानक वीस-तीस लेंग्थने हरतो, आणि पुष्कळदा एक-दोन दिवसांत ठोके आपोआप ताळ्यावर येतात. त्यामुळे स्टेथोस्कोप त्याच संध्याकाळी लागला पाहिजे. स्नायू आखडले असतील तर रक्तात सीके हे एन्झाइम चार-सहा तासांनी चढतं आणि एएसटी त्याच्या मागून, साधारण दुसऱ्या दिवशी. शर्यत संपताच घेतलेल्या रक्तात दोन्ही बरे दिसू शकतात.

छोट्या गोष्टीही मोठ्या घोड्याला पाडतात. अमेरिकेचा गाजलेला घोडा सेक्रेटेरिएट १९७३ च्या वुड मेमोरियल शर्यतीत तिसरा आला, वरच्या ओठाच्या आत गळू होतं. लगाम ओढला की दुखणार, मग घोडा लगाम घेणार कसा? वर रॉन टर्कॉट होता, तोच जॉकी दोन महिन्यांच्या आत त्याच घोड्यावर बेलमाँट ३१ लेंग्थने जिंकला. ऑगस्टमध्ये व्हिटनी शर्यतीत ओनियन या घोड्याकडून हरला तेव्हा घोड्याला संसर्ग झालेला होता. तिन्ही वेळा वर तोच माणूस.

ओलीमाती

पाऊस पडला होता का, हे कोणी विचारलंच नाही. टर्फ मऊ झालं की पेनेट्रोमीटरचा (जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा वाढतो. (गोइंगस्टिक या दुसऱ्या यंत्राचं उलट: आकडा जास्त म्हणजे जमीन कडक. दोन मैदानांचे रिपोर्ट वाचताना इथे हमखास गोंधळ होतो.) २०१९ च्या आर्कमध्ये एनेबल ही घोडी तिसऱ्यांदा जिंकायला उतरली होती, वर फ्रँकी डेटोरी. जमीन फार जड. सरळ भागात पुढे गेली आणि शेवटी वाल्डगाइस्टने गाठली. डेटोरीचं काय चुकलं असं कोणी म्हणालं नाही. कोरड्या जमिनीवर चालणारा वेग तिथे टिकला नाही, एवढंच.

मऊ जमिनीत रेलजवळची पट्टी आधीच्या शर्यतींनी उखणलेली असते, आणि बाहेरून धावणारा घोडा कधी कधी चांगल्या गवतावर असतो. तसं असेल तर फर्लांगचे अडीच लेंग्थ कमी होतात. त्या दिवशीच्या बाकीच्या शर्यतींत विजेते कुठल्या ओळीतून आले ते बघा.

आणि घोड्याचं शरीराचं वजन. हाँगकाँग, जपानमध्ये ते शर्यतीआधी छापतात. घोड्याच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा किलोंचा फरक दिसला तर कान टवकारा.

पल्लेमोजणी

दोन तास आधी हलकी सर पडली, पेनेट्रोमीटरच्या आकड्यात फरक नाही. त्या दिवशी आधीच्या पाचपैकी चार विजेते रेलवरूनच आले. म्हणजे बाहेर राहण्याचा तोटा पूर्ण धरावा लागेल.

आता वजन. ५९ विरुद्ध ५३. मैलाच्या शर्यतीत किलोला एक लेंग्थ धरतात ना? मग सहा किलोंतच सहा लेंग्थ गेले. जॉकी, गेट, पेस यांचा प्रश्नच उरत नाही.

फर्लांग

इथे एकच गोष्ट दोनदा मोजली जातेय. मैलाला किलोला लेंग्थभर हा अंदाज बरोबर आहे, छोट्या पल्ल्यात तेवढ्याच वजनाचा परिणाम कमी, लांब पल्ल्यात जास्त. पण हँडिकॅपमध्ये ५९ किलो त्याला मिळाले ते तो ५३ वाल्यापेक्षा सहा किलोंनी चांगला आहे असं हँडिकॅपरला (वजनं ठरवणाऱ्याला) वाटलं म्हणूनच. वजन टाकून दोघे बरोबरीला आणले. त्यानंतर पुन्हा "वजनामुळे हरला" म्हणायचं तर हँडिकॅपरने त्याला जास्त चांगला समजलं असं सिद्ध करावं लागेल, आणि त्याला एक शर्यत पुरत नाही. वजन जिथे खरंच कारण असतं ते रेटिंग (हँडिकॅपरने घोड्याला दिलेला आकडा) मागे राहिलेलं असतं तिथे: तरुण घोडा महिन्याभरात सुधारलाय आणि हँडिकॅपरकडे त्याचा जुनाच आकडा आहे. विजेता तीन वर्षांचा होता का?

मॅन ओ' वॉर या अमेरिकन घोड्याची एकमेव हार आठवा, १९१९, साराटोगा. १३० पौंड विरुद्ध जिंकलेल्या अपसेट या घोड्यावर ११५. पण त्याच शर्यतीत सुरुवात वाईट झाली (तेव्हा गेट नव्हते) आणि नंतर घोडा कोंडला गेला. एकवीस शर्यतींतली एक हार, आणि आजही तिच्यातलं वजन, सुरुवात आणि जॉकी कोणी वेगळं काढू शकलेलं नाही.

पल्लेमोजणी

विजेता तीनच वर्षांचा, सहावी शर्यत. फेवरिट पाच वर्षांचा.

फर्लांग

मग पावणेचारमधले एक-दीड लेंग्थ तिथे टाका आणि जॉकीचे तेवढे कमी करा.

रिकीब

चला, अडीचवरून एकवर आलात. अजून एक आठवडा थांबलो तर जॉकीला बक्षीस द्याल.

पल्लेमोजणी

शेवटचा प्रश्न. फेवरिट तीन आठवड्यांनी पुन्हा उतरतोय. १८०० मीटर, गेट ३, वजन ५८.५, जॉकी तोच नवा. विजेता त्या शर्यतीत नाही.

रिकीब

गेट ३ ने रेलजवळ कव्हर मिळेल, लगामाशी भांडण कमी होईल. जॉकीला आता घोडा माहीत झालाय. मी फक्त एक बघेन: शर्यतीत ठरवून पुढे जाणारे किती घोडे आहेत. एकच असेल तर पुन्हा १२.६, १२.६ आणि पुन्हा तीच गत, गेट ३ असो की १. दोन-तीन असतील तर पेस खरा होईल आणि हा मागून येईल.

अश्वनाडी

एवढ्या जोराच्या शर्यतीनंतर तीन आठवडे पुरतात, पण मधल्या गॅलप बघा. दाणा उरवतोय का आणि पॅडॉकमध्ये मागच्या पायांमध्ये पांढरा फेस आलाय का, तेही बघा.

फर्लांग

भाव बघा. "दुर्दैवाने हरला" हे सगळ्यांनी फिल्मवर पाहिलंय, त्यामुळे तो आता ६/४ ने मिळणार नाही, बरोबरीला किंवा त्याहून खाली उघडेल. बरोबरीचा भाव म्हणजे शंभरात पन्नास. पुढे पळणारे दोन असतील तर माझ्या हिशेबात तो पंचेचाळीसचा घोडा आहे. त्या भावाला मी हात लावणार नाही, ७/४ मिळाला तर लावेन.